सजगतेचा सराव: भरकटलेल्या मनाला आपण कोणत्या सुरात परत बोलावतो?

गोदाकाठ

नमस्कार. ध्यान, श्वास आणि मनःशांती या विषयांवर इथे पूर्वीही पुष्कळ लिहून झाले आहे, आणि त्यातले बहुतेक लेखन ‘श्वासाकडे लक्ष द्या, मन आपोआप शांत होईल’ इथपर्यंत येऊन थांबते. मला या धाग्यात त्याच्या आधीच्या एका गोष्टीवर चर्चा हवी आहे. डोळे मिटून श्वासाकडे पाहू लागलेला प्रत्येक माणूस मिनिटाभरात भरकटतो, यात नवीन काही नाही. पण आपण भरकटलो हे ध्यानात आल्यावर मनाला ज्या सुरात परत बोलावतो, त्या सुरावर पुढचे सगळे अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे. आज शांतता मिळाली की नाही याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा तो सूर ऐकण्याची सवय लागणे मला अधिक मोलाचे वाटते. स्वतःविषयीची माया वाढायची असेल, तर ती तिथेच वाढते.

एक उदाहरण देतो. पहाटे बसलेले असताना आदल्या दिवशीच्या बैठकीत वरिष्ठांनी सर्वांसमोर विचारलेला प्रश्न आठवतो, आणि उत्तर देताना जीभ कशी अडखळली होती तेही आठवते. त्या आठवणीत किती वेळ गेला हे कळत नाही. भानावर आल्यावर शरीराकडे पाहिले, तर दाढा एकमेकींवर दाबलेल्या असतात, खांदे कानांच्या दिशेने चढलेले असतात आणि श्वास गळ्याशी येऊन अर्ध्यावर अडलेला असतो. हे सगळे दिसेपर्यंत आणखी एक वाक्य मनात उमटून गेलेले असते: ‘तुला दहा मिनिटे धड बसताही येत नाही.’ बैठकीतला प्रश्न दुसऱ्याने विचारला होता, हे वाक्य मात्र आपले आपण बोललेलो असतो. नीट कान दिला, तर त्याचा आवाजही ओळखीचा निघतो. कुणाला तो गणिताच्या बाईंचा वाटेल, कुणाला वडिलांचा. दिवसभर हा आवाज चालूच असतो, पण गडबडीत तो ऐकू येत नाही.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ही साधना शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. तिथे पहाटे ४ वाजता घंटा होते, साडेचारपासून ध्यान सुरू होते, आणि पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहण्यापलीकडे दुसरे काहीही करायचे नसते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरभर उमटणाऱ्या संवेदनांकडे समतेने पाहणे, शिकवतात. मंगल मैत्री, म्हणजे स्वतःच्या आणि सर्वांच्या सुखाची इच्छा करणे, येते ती थेट दहाव्या दिवशी, मौन सुटायच्या वेळी. एवढा उशीर का, याचे माझ्या परीने मला सापडलेले उत्तर असे की, स्वतःवर चाललेली वसवस आधी दिसल्याशिवाय ‘मी सुखी होवो’ ही इच्छा केवळ जिभेवर राहते.

पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला राहून लिहिणाऱ्या बुद्धघोष या बौद्ध आचार्याने मैत्रीभावनेचा क्रम सांगताना सुरुवात स्वतःपासूनच करायला सांगितली आहे. त्यानंतर आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याविषयी आपल्याला ना प्रेम ना राग असा कुणीतरी, आणि सर्वांत शेवटी वैरी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा शिकवला जातो, असे मला वाटते. आपल्याला सगळ्यांशी गोड बोलायला शिकवतात, त्या सगळ्यांत आपण स्वतः मात्र नसतो.

आपापले अनुभव लिहावेत, मतभेद असल्यास तेही अवश्य लिहावेत.

तिरकस_कोन

लेखन आवडले, तरीही एक शंका मांडतो. ‘स्वतःवर प्रेम करा’ हा सध्या बाजारातला सर्वांत खपणारा माल आहे. भ्रमणध्वनीवरची ॲपे त्यासाठी वर्षाची वर्गणी घेतात. कचेऱ्यांतून शुक्रवारी दुपारी अर्ध्या तासाचे माइंडफुलनेसचे, म्हणजे सजगतेचे, सत्र ठेवतात, आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी सोमवारी सकाळपर्यंत पुरे करायचे काम पाठवतात. ज्या माणसाला झोपेलाच पाच तास मिळतात, त्याला खांदे कुठवर चढले आहेत ते पाहायला सांगणे ही मला क्रूर थट्टा वाटते. त्याचे काम कमी करा, खांदे आपले आपण खाली येतील.

पुराव्याविषयीही थोडे बोलायला हवे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अंतर्गत वैद्यकाच्या नियतकालिकात २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता, आणि त्या चाचण्यांत मिळून ३,५१५ लोक होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा असलेला थोडाफार लाभ त्यात दिसला. मात्र व्यायाम, औषधे किंवा इतर उपचारपद्धती यांच्यापेक्षा ध्यान वरचढ ठरते, असे काही आढळले नाही. म्हणजे रोज टेकडी चढून येणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

पिंपळपान

तिरकस_कोन यांचे म्हणणे पटते, पण काही कामे कमी करता येत नाहीत. आमच्याकडे सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. दिवसा मदतीला बाई असते, रात्री मीच उठते. आसन घालून दहा मिनिटे बसणे माझ्या दिवसात बसत नाही, आणि खरे सांगायचे तर बसलेच तर झोप लागते.

आमच्या पिढीला स्वतःवर प्रेम हा शब्दप्रयोगच स्वार्थी वाटतो. घरातल्या बाईने सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खायचे, आणि उरले नाही तर ‘मला भूक नव्हतीच’ म्हणायचे, हे पाहतच आम्ही वाढलो. त्यामुळे धाग्यातले स्वतःविषयीच्या मायेचे बोलणे वाचून मी पुढे जाणार होते. सुराचा मुद्दा वाचला आणि थांबले, कारण तो माझ्या रोजच्या रात्रीतला आहे. हाक आली की मनात पहिल्यांदा उमटते, ‘आता परत?’ त्याच्या पाठोपाठ येते, ‘किती दुष्ट आहेस, म्हाताऱ्या माणसाविषयी असा विचार करतेस.’ पहिल्या वाक्याने मी थकते, दुसऱ्याने खचते. ही दोन वेगळी वाक्ये आहेत हे कळायलाच मला फार दिवस लागले.

आता मी इतकेच करते, की खोलीच्या दाराशी चौकटीला हात लावून थांबते. पायांखाली लादी गार असते, ती जाणवू देते. ‘दमली आहेस, साहजिक आहे,’ असे मनात म्हणते आणि आत जाते. यात काही सेकंदांपेक्षा अधिक वेळ जात नाही. सासूबाईंना त्याचा फायदा होतो की नाही ते सांगता येणार नाही, पण चादर सारखी करताना माझा हात पूर्वीसारखा झटका देत नाही.

समुपदेशक_सांगली

पिंपळपान यांनी जे लिहिले आहे, ते आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनी संशोधनातून मांडलेल्या गोष्टीच्या फार जवळचे आहे. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत: स्वतःशी कनवाळूपणाने वागणे, आपले दुःख हे सर्व माणसांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा भाग आहे हे ओळखणे, आणि त्या दुःखाकडे ते न फुगवता किंवा न झाकता सजगपणे पाहणे. ‘दमली आहेस’ यात सजगता आली, ‘साहजिक आहे’ यात उरलेले दोन्ही भाग आले.

यात आणि आत्मप्रौढीत फरक आहे. आपण इतरांपेक्षा सरस आहोत या भावनेवर उभा असलेला आत्मसन्मान यश मिळत असेपर्यंत टिकतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी साथ सोडतो. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती बरीच रुजली आहे. तिच्यातला बिनशर्त आत्मस्वीकाराचा विचारही हेच सांगतो: कृतीचे मूल्यमापन करा, सगळ्या माणसावर शिक्का मारू नका. बैठकीत उत्तर चुकले, असे म्हणणे ठीक आहे. त्यावरून ‘मी कुचकामी’ असा निष्कर्ष काढणे ठीक नाही.

ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात, ते दवाखान्यात आले १९७९ साली. जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. तिथे येणाऱ्यांत औषधांनी बऱ्या न झालेल्या जुनाट दुखण्यांचे रुग्ण पुष्कळ होते. दुखणे नाहीसे करण्याचे आश्वासन त्यांना दिलेले नव्हते. दुखणे आणि त्याभोवती मनात उठणारे ‘हे कधीच थांबणार नाही’ हे वादळ वेगवेगळे पाहायला त्यांना शिकवले जात होते. पुढे याच धर्तीवर, नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या रुग्णांसाठी उपचारपद्धती तयार झाली, आणि तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांसाठी उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ साली तिची शिफारस केली. जरा उदास वाटले की जुन्या विचारांची माळ सुरू होते आणि माणूस तिला वस्तुस्थिती समजतो. हा विचार आहे, निकाल नाही, एवढे वेळीच ओळखता आले तर घसरण बऱ्याचदा अडते.

आता एक इशारा, आणि तो मी गांभीर्याने देत आहे. डोळे मिटून आत पाहणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही. पूर्वी मोठा मानसिक आघात झालेला असेल, घबराटीचे झटके येत असतील, किंवा मनोविकाराचे निदान झालेले असेल, तर दीर्घ ध्यानात त्रास वाढू शकतो. अशांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. जगणे नकोसे वाटण्याइतकी अवस्था असेल, तर ध्यानाची वाट न पाहता लगेच मदत घ्यावी. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

नवखा_प्रवासी

मला श्वासाकडे लक्ष दिले की तो कृत्रिम होतो. आपणच तो ओढतो आहोत असे वाटून छातीत घुसमट होते, म्हणून दोनदा सुरू करून सोडून दिले. यावर काही उपाय आहे का?

समुपदेशक_सांगली

श्वास सोडून द्या, तो काही सक्तीचा नाही. डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसा आणि तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श पाहा. किंवा आवाज ऐका: पंखा, रस्त्यावरची वाहने, शेजारच्या कुकरची शिट्टी. यांपैकी काहीच आपल्याला मुद्दाम करावे लागत नाही, त्यामुळे ते बिघडतही नाही. आणि ‘मला साधा श्वासही घेता येत नाही’ असे मनात आलेच, तर मूळ धाग्यातला सूर तोच, हे ध्यानात घ्या.

संत्रानगरी

मी नागपूरचा. गोदाकाठ यांनी लिहिले आहे की दटावणारा आवाज कुणाला बाईंचा वाटेल, कुणाला वडिलांचा. मला त्यात भर घालायची आहे. काही माणसांच्या बाबतीत तो आवाज सगळ्या गावाचा असतो. पाणवठ्यावरचा, वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा, भाड्याने खोली मागताना आडनाव विचारणाऱ्या घरमालकाचा. तो इतक्या पिढ्या ऐकलेला असतो की आतून येऊ लागला तरी परका वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे जे धम्मदीक्षेला आले, त्यांना बाबासाहेबांनी डोळे मिटून शांत बसा असे सांगितले नाही. बावीस प्रतिज्ञांत माणसांच्या समतेवर विश्वास ठेवण्याची प्रतिज्ञा आहे, अष्टांगिक मार्गाने चालण्याची आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. तुम्ही ज्याला स्वतःविषयीची माया म्हणता, ती आमच्याकडे ताठ मानेने उभे राहण्यापासून सुरू झाली.

म्हणून ‘मनःशांती’ हे ऐकले की मी जरा सावध होतो. शांत राहण्याचा सल्ला आम्हाला कधी कमी पडलेला नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृती, म्हणजे ही सजगता, सातवी येते, आणि तिच्या आधी सम्यक् वाणी, सम्यक् कर्म आणि सम्यक् आजीविका आहेत. पहिले सगळे गाळून सातवे तेवढे उचलले, की तिरकस_कोन म्हणतात तसले शुक्रवार दुपारचे सत्र तयार होते. त्यात वरिष्ठाची वाणी कशी आहे हे कुणी विचारत नाही, ती ऐकून घेणाऱ्याचा श्वास कसा चालला आहे एवढेच विचारतात.

असे असले तरी मी बसतो. विहारात पौर्णिमेला सगळ्यांबरोबर बसतो, घरी एकटाही बसतो. तो गावाचा आवाज आला की ‘हा माझा नाही’ असे ओळखतो. ओळखल्यावर राग येतो, आणि त्या रागाकडेही पाहतो. तो दाबायचा नाही, त्याच्या भरात वाहून जायचे नाही, आणि त्यातून जे करायला हवे ते दुसऱ्या दिवशी करायचे.

दूरदेशी

संत्रानगरी यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसेच वाटले नाही.

मी इंग्लंडमध्ये शाळेत शिकवते. इथे मुलांना माइंडफुलनेस शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवरचे त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, आणि नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा मुलांच्या मनःस्वास्थ्यावर अधिक परिणाम झालेला दिसला नाही. बरीच मुले घरी सराव करतच नव्हती, हेही त्यातून पुढे आले. मला याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला वेळापत्रकातल्या तासाला ‘आता स्वतःशी प्रेमाने बोल’ असे सांगितले, की तो खिडकीबाहेर पाहतो. महाराष्ट्रातही शाळांतून आनापान, म्हणजे श्वास पाहण्याचे ध्यान, शिकवण्याचा ‘मित्र उपक्रम’ आहे. तिथल्या शिक्षकांपैकी कुणी हा धागा वाचत असेल, तर त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. वर्गात मुले शिक्षकाचाच सूर उचलतात, हे मात्र मी रोज पाहते. फळ्यावर माझ्याकडून चूक झाली की मी तोंडाने काय पुटपुटते, ते त्यांना ध्यानाच्या तासापेक्षा जास्त लक्षात राहते.

गोदाकाठ

प्रतिसादांबद्दल आभार. काही गोष्टींना उत्तर देतो.

तिरकस_कोन, कामाचे ओझे हेच कारण असेल तर ओझेच कमी व्हायला हवे, यात दुमत नाही. परंतु ते कमी करून मागण्यासाठीही आपण त्याला पात्र आहोत असे वाटावे लागते. ‘बाकीच्यांना जमते, मलाच जमत नाही’ असे दिवसभर स्वतःला ऐकवणारा माणूस रजेचा अर्जही क्षमायाचना केल्यासारखा लिहितो. हक्काचे मागणे आणि स्वतःशी बरे बोलणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. संत्रानगरी यांनी हे माझ्यापेक्षा कितीतरी नेमके आणि अधिक अधिकाराने मांडले आहे. आवाज कुणाचा आहे हे ओळखण्याची गोष्ट मी घरापुरती आणि शाळेपुरतीच पाहिली होती. त्यांनी ती जिथवर नेली, तिथवर ती न्यायलाच हवी.

स्वार्थाच्या आक्षेपाविषयी पाली वाङ्मयात एक प्रसंग आहे. श्रावस्तीला कोसलचा राजा पसेनदी आपल्या मल्लिका राणीला विचारतो, की तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असे कुणी आहे का. त्याला बहुधा आपले नाव ऐकायचे असावे. ती सरळ सांगते की नाही, आणि तोच प्रश्न त्याला विचारते. त्यालाही ‘नाही’ असेच म्हणावे लागते. राजा हे बुद्धांना सांगतो. ते राणीला दोष देत नाहीत. सगळ्या दिशा धुंडाळल्या तरी स्वतःहून प्रिय असे कुणी सापडत नाही, आणि हे दुसऱ्या प्रत्येकाच्या बाबतीतही तितकेच खरे आहे, म्हणून ज्याचे स्वतःवर प्रेम आहे त्याने दुसऱ्याला इजा करू नये, असे ते म्हणतात. म्हणजे इथे अहिंसा स्वतःवरच्या प्रेमावर उभी केली आहे, ते प्रेम मारून टाकून नव्हे. पिंपळपान यांच्या हातातला झटका गेला, ते मला याच जातीचे वाटते.

सरावाविषयी माझ्यापुरते सांगायचे, तर मी बसल्यावर श्वास मोजत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. भरकटल्याचे कळले की आधी जबडा सैल करतो, मग परत येताना मनात कोणते वाक्य उमटले ते ऐकतो. ते बोचरे असेल तर त्याला उत्तर देत नाही, दुरुस्तही करत नाही, केवळ ‘ऐकले’ म्हणतो. उत्तर देऊ गेले की वाद सुरू होतो, आणि त्या वादात बाजू आपणच मांडतो नि निकालही आपणच देतो. काही सकाळी शांत वाटते, काही सकाळी मुळीच वाटत नाही. त्यावरून सराव बरा झाला की वाईट, हे ठरवणे मी सोडून दिले आहे.

तिरकस_कोन

रजेच्या अर्जाचा मुद्दा मान्य. तसे अर्ज मी पाहिले आहेत. टेकडीवर जाणे मात्र सोडणार नाही.

नवखा_प्रवासी

तळपायांचा उपाय जमला. निदान घुसमट झाली नाही. आता दहा दिवसांच्या शिबिराला जावे असे वाटते आहे. खर्च किती येतो आणि आधी काय तयारी करावी लागते?

कसारा_घाट

मी जाऊन आलेलो असल्याने सांगतो. शुल्क काहीही नाही, राहण्याजेवणाचेही नाही. जुन्या साधकांच्या दानावर सगळे चालते, आणि नव्या माणसाकडून दान घेतात तेही शिबिर पूर्ण झाल्यावरच. अर्ज आधी भरावा लागतो आणि मोठ्या केंद्रांत जागा लवकर भरतात, त्यामुळे तारीख तोंडावर आल्यावर अर्ज करू नका. फोन, पुस्तके, वही, पेन सगळे जमा करावे लागते. जेवण सकाळी ११ ला असते. नव्या साधकांना संध्याकाळी ५ वाजता फळ आणि चहा मिळतो, त्यानंतर काही नाही. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावेसे वाटते असे सगळे म्हणतात, मला पाचव्या दिवशी वाटले.

अर्जात आजारांविषयी आणि औषधांविषयी विचारतात. तिथे छातीतल्या घुसमटीचे स्पष्ट लिहा, लपवू नका. त्यावरून ते तुम्हाला आधी डॉक्टरांना भेटायला सांगतील किंवा थांबायलाही सांगतील. तसे सांगितले, तर तूर्त पाय आणि पंख्याचा आवाज यांवरच चालू ठेवा. आणि जाणार असाल तर खाली बसण्याची हौस करू नका. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा. ती देतात.